मांजर सूत काततं, मांजर गोष्ट सांगतं

2022 च्या जुलैत पोलंडमधल्या क्राकुफच्या एका संस्थेने पाळीव मांजराचं नाव परक्या, आक्रमक प्रजातींच्या यादीत घातलं आणि देशभर गदारोळ उडाला. संस्था साधीसुधी नव्हती, पोलिश विज्ञान अकादमीची निसर्गसंवर्धन संस्था होती. शास्त्रज्ञांचं म्हणणं सरळ होतं. हा प्राणी सुमारे 10,000 वर्षांपूर्वी पश्चिम आशियातल्या सुपीक पट्ट्यात माणसाळला, माणसाच्या पाठोपाठ युरोपात आला आणि इथल्या पक्ष्यांचा, लहानसहान जिवांचा फडशा पाडत राहिला. म्हणजे तो इथला नाही. मांजरं पाळणारे लोक खवळले. शेवटी संस्थेला खुलासा करावा लागला, की मांजरांशी कुणी क्रूरपणे वागावं असं आम्ही मुळीच म्हटलेलं नाही.

तेव्हा मी शेजारच्या देशात, चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात राहत होते. पुण्यात असताना रशियन शिकले होते, ब्रनोला गेल्यावर चेकशी झटापट चालू होती, आणि संध्याकाळी या दोन्ही भाषांतल्या लोककथा वाचायचा छंद लागला होता. क्राकुफची बातमी वाचली आणि वाटलं, शास्त्रज्ञ आज जे म्हणताहेत ते रशियन, पोलिश, चेक अशा सगळ्या स्लाव्ह कुळातल्या भाषा कधीपासून सांगत आहेत. मांजर परकं आहे, हे त्याच्या नावातच आहे. पण त्याच भाषांनी आणि त्याच लोकांच्या गोष्टींनी या परक्याला घरात जी जागा दिली, ती दुसऱ्या कुठल्याच जनावराला मिळालेली नाही. तेव्हापासून हे मांजर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आधी नावाचं बघू. पोलिश, रशियन आणि बेलारूसी लोक 'कोत' म्हणतात, युक्रेनी 'कीत', बल्गेरियन 'कोत्का', चेक 'कोच्का'. सगळे शब्द एका मुळाचे, आणि ते मूळ उत्तरकाळातल्या लॅटिनमधून आलं असं बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. अभिजात लॅटिनमध्ये मांजराला 'फेलेस' म्हणत. 'कातुस' हा शब्द पुष्कळ उशिरा, चवथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराला पलादियुस या शेतीवर लिहिणाऱ्या लेखकाकडे दिसतो. वाफ्यांखालची जमीन पोखरणाऱ्या जनावरांचा बंदोबस्त म्हणून मांजरं ठेवावीत, असा त्याचा सल्ला आहे. पुढे हा शब्द मांजराच्या पावलांनीच युरोपभर फिरला. प्राणी जिथे पोचला तिथे त्याचं नावही पोचलं.

दक्षिणेकडे मात्र वेगळी गंमत आहे. सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन लोक मांजराला 'माच्का' म्हणतात, आणि उत्तरेला राहणारे स्लोव्हाकसुद्धा. हा शब्द कुठल्या ग्रंथातून आलेला नाही. मांजराला बोलावताना तोंडातून जो आवाज निघतो, त्याचंच नाव झालं, असं मानतात. शेजारच्या हंगेरियन भाषेने तो स्लाव्हांकडून उचलला. म्हणजे एकीकडे रोमहून आलेलं नाव आणि दुसरीकडे अंगणात उभं राहून मारलेली हाक. मला हाकेचं नाव जास्त आवडतं.

परका असूनही 'कोत' हा शब्द भाषेत किती खोल रुजला, ते एका क्रियापदावरून कळतं. मांजर व्यायलं की रशियनमध्ये 'कोतित्सा' म्हणतात. हेच क्रियापद मेंढीला, शेळीला, सशालाही चालतं. रशियन मेंढपाळ मेंढ्यांच्या विण्याच्या हंगामाला 'ओकोत' म्हणतो आणि तेव्हा त्याच्या मनात मांजर नसतं. काही अभ्यासकांना या क्रियापदात पिल्लू या अर्थाचा एखादा अस्सल स्लाव्ह शब्द लपलेला वाटतो, जो नंतर पाहुण्या शब्दात मिसळून गेला. तसं असेल तर मांजर परक्या नावाने आलं आणि घरातल्या एका जुन्या नावाने त्याला पोटात घेतलं.

मांजर येण्याआधी घरातले उंदीर कोण मारत होतं? मुंगसाच्या चणीचा, लांबट अंगाचा एक चिमुकला शिकारी. रशियनमध्ये त्याला 'लास्का' म्हणतात, आणि माया करणं, कुरवाळणं यालाही 'लास्का'च म्हणतात. बल्गेरियात तो 'नेवेस्तुल्का' आहे, म्हणजे छोटीशी नवरी. जंगली, चावऱ्या प्राण्याला इतकी गोड नावं ठेवण्यामागे भीती होती. खरं नाव घेतलं तर रागावेल, म्हणून लाडाने बोलायचं. त्याच कुळातल्या 'कुना' या प्राण्याचं कातडं तर जुन्या काळी चलन म्हणून चालायचं. क्रोएशियाने 2023 च्या 1 जानेवारीला युरो स्वीकारला, तोवर तिथल्या पैशाचं नाव 'कुना'च होतं.

अशा घरात मांजर आलं, आणि सुरुवातीला ते फार महाग होतं. जुन्या रूसच्या मध्ययुगीन कायद्यांतला एक संग्रह 'मेट्रोपॉलिटनचा न्याय' या नावाने ओळखला जातो. कुणाचं जनावर गेलं तर भरपाई किती, याचा तक्ता त्यात आहे. कबुतराला 9 कुना, हंसाला 30 कुना, गाईला 40 कुना, घोडीला 60 कुना. ग्रीव्हना हे कुनाहून कितीतरी मोठं चलन. बैलाला 3 ग्रीव्हना, आणि मांजरालाही 3 ग्रीव्हना. बैल आणि मांजर एका भावाला, गाय त्यांच्यापेक्षा स्वस्त. ज्या शेतकऱ्याचं वर्षभराचं धान्य कोठारात आहे त्याला यात नवल वाटणार नाही. बैल धान्य पिकवतो, मांजर ते राखतं.

पण किंमत म्हणजे माया नव्हे. माया कुठून आली ते मला ब्रनोत समजलं. आमच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. त्यांचं मांजर माझ्या दारात येऊन बसायचं आणि त्यामुळे आमची ओळख झाली. माझं चेक तेव्हा भाजीबाजारापुरतं होतं. मांजर मांडीवर घुरघुरत होतं आणि या आवाजाला काय म्हणतात, असं मी खुणेने विचारलं. त्या म्हणाल्या, 'प्रशेदे'. घरी येऊन शब्दकोश काढला. या क्रियापदाचा पहिला अर्थ होता सूत कातणं.

चेक भाषेत मांजर घुरघुरत नाही, ते सूत काततं. सर्बियन आणि क्रोएशियनमध्येही तेच, 'माच्का प्रेदे'. स्लोव्हेनमध्येही तेच. चरख्याच्या चात्यांची घरघर आणि मांजराच्या घशातली घरघर ज्यांनी एकाच खोलीत, एकाच रात्री ऐकली, त्या माणसांनी हे क्रियापद घडवलं आहे. हिवाळ्यात शेतीची कामं संपली की गावातल्या बाया एका घरी जमून कातायला बसत. सर्बियात त्या बैठकीला 'प्रेलो' म्हणत, चेकमध्ये 'प्रशास्त्की'. दोन्ही नावं याच क्रियापदातून निघालेली. रशियात 'पोसिदेल्की' म्हणत, म्हणजे बसणं. बोटं कामात असत आणि तोंड मोकळं असे, म्हणून तिथे गाणी होत, गोष्टी होत, भुताखेतांच्या कहाण्या होत. आणि शेगडीजवळ मांजर असे. सगळ्या कातत आहेत, तर तेही काततंय, असंच त्या म्हणाल्या असतील.

एकदा हे ध्यानात आलं की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. अलेक्सांद्र अफानास्येव यांनी 1855 ते 1863 या काळात रशियन लोककथांचा प्रचंड संग्रह छापला. त्यात बाबा यागा या माणूसखाऊ चेटकिणीची एक गोष्ट आहे. सावत्र आई मुलीला आपल्या बहिणीकडे, म्हणजे बाबा यागाकडे पाठवते, सुई-दोरा मागून आण म्हणून. बाबा यागा मुलीला मागावर विणायला बसवते आणि बाहेर दासीला सांगते, पाणी तापव, भाचीला न्हाऊ घाल, मला तिला खायचं आहे. मुलगी घाबरते. पण सख्ख्या मावशीने आधीच सावध केलं होतं, म्हणून तिच्याजवळ मांजरासाठी डुकराच्या मांसाचा तुकडा असतो. ती तो बोक्याला देते आणि सुटायचा मार्ग विचारते. बोका तिला एक फणी आणि एक पंचा देतो. पंचा टाकलास तर रुंद नदी होईल, फणी टाकलीस तर घनदाट जंगल उगवेल. मुलगी पळते.

आणि मग बोका मागावर जाऊन बसतो. बाबा यागा खिडकीशी येऊन विचारते, 'विणतेयस ना गं भाचे, विणतेयस ना गं लाडके?' आतून बोका घोगऱ्या आवाजात म्हणतो, 'विणतेय हो मावशी, विणतेय!' गोष्ट सांगणारा पुढे म्हणतो, त्याने विणलं त्यापेक्षा गुंता जास्त केला. मला ही सगळ्या रशियन कथांतली सर्वांत सुंदर जागा वाटते. बोका माणसाच्या आवाजात बोलतो, माणसाचं काम करतो आणि त्यामुळे एक जीव वाचतो. बाबा यागा त्याला मारते, मुलीचे डोळे का नाही ओरबाडलेस म्हणून. तो म्हणतो, 'मी तुझी इतकी वर्षं चाकरी केली, तू मला हाडूकसुद्धा दिलं नाहीस. तिने मला मांस दिलं.' मांजर बेइमान असतं, घराला धरून राहतं आणि माणसाला ओळखत नाही, असं सगळीकडे म्हणतात. या गोष्टीतलं मांजर तसं नाही. ते हिशेब ठेवतं, आणि त्याचा हिशेब न्यायाचा आहे.

आता बोलण्याकडे येऊ, कारण माझ्या मते स्लाव्ह मांजराचं खरं काम तेच आहे. जुन्या स्लाव्ह भाषेत 'बायाती' असं एक क्रियापद होतं. बोलणं, सांगणं, मंत्र घालणं हे सगळे अर्थ त्यात होते. त्याची लेकरं आज सगळीकडे आहेत. पोलिश 'बाय्का' म्हणजे परीकथा, सर्बियन 'बाय्का'ही तीच, चेक 'बाये' म्हणजे पुराणकथा. बल्गेरियन आजीबाई नजर उतरवताना पुटपुटतात ते 'बायाने'. रशियन 'ओबायानिये' म्हणजे माणसाची मोहिनी. आणि रशियन आई बाळाला निजवते ते 'बायुकात्', अंगाईतलं 'बायु-बायु'. भाषाशास्त्रज्ञ हे मूळ संस्कृत 'भण्'शी जोडतात, आणि संस्कृत 'भणति'पासून प्राकृतामधून आपलं 'म्हणणे' आलं. ज्या दिवशी मला हे उमगलं त्या दिवशी फार आनंद झाला. आपण 'आजी म्हणाली' म्हणतो तेव्हा आणि रशियन आई 'बायु-बायु' म्हणते तेव्हा कुठेतरी एकच जुना श्वास चाललेला आहे.

रशियन अंगाईत बाळाला निजवायला मांजरालाच बोलावतात. 'ये रे मांजरा, रात्रीला ये, आमच्या बाळाला झोका दे. तुला कामाचे पैसे देईन, घागरभर दूध आणि पोळीचा तुकडा देईन.' युक्रेनी आई उलट विनवते, 'करड्या मांजरा, पांढऱ्या मांजरा, केसाळ मांजरा, घरात फिरू नकोस, बाळाला उठवू नकोस.' नवा पाळणा आला की बाळाच्या आधी त्यात मांजर ठेवायची रीत होती. मांजराची झोप पाळण्यात उतरावी आणि मग ती बाळाला मिळावी. दिवसभर हवं तेव्हा, हवं तिथे झोपणाऱ्या प्राण्याकडून ही देणगी मागणं किती साहजिक आहे! दमलेल्या कुठल्याही आईला हे पटेल.

पण झोप हा शब्द स्लाव्ह लोककथेत नुसता गोड नाही. उत्तर रशियात काही अंगाया अशा आहेत, की त्यांत आई बाळाला 'बाय दा बाय, लवकर मर' असं म्हणते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. अभ्यासक म्हणतात, मृत्यूला चकवायचा हा उपाय असावा, या बाळाची इथे कुणाला गरज नाही असं भासवायचं म्हणजे तो वाट बदलेल. दुसरे म्हणतात, यात दारिद्र्याचं सरळ दुःख आहे. दोन्ही खरं असू शकेल. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्या मुलाचं नाव 'दगडू', 'धोंडू' ठेवायचे ते आठवलं. निजवणं आणि कायमचं निजवणं या दोन्हींना एकच सूर लागतो, हे त्या बायांना ठाऊक होतं.

आणि हेच ज्याच्यात एकवटलं आहे, तो म्हणजे कोत बायून. नाव त्याच 'बायाती'चं. बायून म्हणजे बोलणारा, निजवणारा. 'जा तिथे, कुठे ते ठाऊक नाही' असं सांगून राजा धनुर्धाऱ्याला अशक्य कामं देतो, त्या कथेत हा येतो. तीन-नव्वे, म्हणजे सत्तावीस राज्यांच्या पलीकडे, उंच खांबावर हा बोका बसलेला असतो. आंद्रेय नावाचा तिरंदाज त्याला पकडायला निघतो, तर तीन वेर्स्त, म्हणजे साधारण तीन किलोमीटर अंतरापासूनच त्याला झोप घेरू लागते. जो झोपला तो गेला. आंद्रेयने डोक्यावर एकावर एक तीन लोखंडी टोप्या चढवलेल्या असतात. बायून झेप घेऊन पहिली टोपी फोडतो, दुसरी फोडतो, तिसरीला पंजा घालतो, तेवढ्यात आंद्रेय त्याला चिमट्यात धरतो. लोखंडी कांबीने मारतो, कांब तुटते. तांब्याची घेतो, तुटते. मऊ कथलाची कांब मात्र तुटत नाही, वाकून बोक्याच्या अंगाभोवती गुंडाळली जाते.

मार खाता खाता बायून काय करतो? गोष्टी सांगतो. पाद्र्यांच्या, कारकुनांच्या, पाद्र्यांच्या मुलींच्या. आंद्रेय कान देत नाही, मारत राहतो. गोष्ट ऐकली की तो संपला, हे त्याला माहीत आहे. गोष्टीला एवढं मोठं शस्त्र मानलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पाळण्याशी बसलेलं केसाळ मांजर आणि खांबावरचा माणूसखाऊ बोका हे दोन प्राणी नाहीत. आवाज एकच आहे, तो ऐकणारं बाळ असेल तर ते वाढतं, आणि वाटसरू असेल तर मरतो.

इथे एक सांगून टाकते. आजकाल मांजर हे वेलेस देवाचं पवित्र वाहन होतं, प्राचीन स्लाव्ह मांजराची पूजा करत, असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं. जुन्या लिखित साधनांत याला आधार नाही. रशियन बखरीत वेलेस हा गुराढोरांचा देव आहे, मांजराचा तिथे उल्लेखही नाही. हे खोटे अलंकार मला नकोसे वाटतात, कारण खरी सामग्री त्याहून कितीतरी श्रीमंत आहे.

घराचा रक्षक 'दोमोवोय' बघा. उंबऱ्याखाली किंवा शेगडीमागे राहणारा म्हातारा घरपुरुष. तो पुष्कळदा मांजराच्या रूपात दिसतो, आणि जनावरांत त्याचं सर्वांत जास्त जमतं ते मांजराशीच. म्हणून नव्या घरात माणसाच्या आधी मांजराला आत सोडायचं. ही रीत इतकी जिवंत आहे, की 2014 साली रशियातल्या एका मोठ्या बँकेने घरकर्ज घेणाऱ्यांना गृहप्रवेशापुरतं मांजर नेऊन देण्याची योजना जाहिरातीत चालवली. शेताकडच्या कोठीत मात्र दुसराच असतो. पेंढ्या धुरावर सुकवायच्या खोपटाला 'ओविन' म्हणतात, आणि तिथला 'ओविन्निक' म्हणजे निखाऱ्यासारखे डोळे असलेला, कुत्र्यासारखा भुंकणारा प्रचंड काळा बोका. रागावला तर खोपट पेटवून देतो. धान्य सुकवायला आत विस्तव लागतो आणि ओविन खरोखर वारंवार जळत, तेव्हा या बोक्याची भीती पोकळ नव्हती. पण नववर्षाच्या रात्री गावातल्या मुली याच खोपटाच्या भोकातून हात आत घालायच्या. केसाळ पंजा लागला तर नवरा श्रीमंत मिळणार, उघडा लागला तर गरीब. ज्याच्या नावाने वर्षभर थरथरायचं त्याच्याच हाती एक रात्र आपला हात द्यायचा! त्या मुलींचं धैर्य मला मोहून टाकतं.

काळ्या मांजराबद्दल फार लिहायला नको, ते आडवं जाण्याची भीती आपल्यालाही ओळखीची आहे. रशियनमध्ये दोन मित्रांत बिनसलं तर 'त्यांच्यामधून काळं मांजर पळालं' असं म्हणतात. विजा कडाडू लागल्या की काळं मांजर घराबाहेर काढत, कारण संत इल्या विजेने सैतानाला मारतो आणि सैतान मांजरात दडतो. बाल्कनमध्ये मृतदेहाजवळ रात्रभर जागत, मांजराने त्यावरून उडी मारली तर तो माणूस व्हॅम्पायर होऊन उठेल म्हणून. म्हणजे पाळण्यात ज्याला मुद्दाम ठेवायचं, त्याला तिरडीजवळ फिरकू द्यायचं नाही. पाळणा आणि तिरडी या दोन टोकांमध्ये जेवढं आयुष्य आहे तेवढं त्याचं घर.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत जास्त लक्षात राहिली आहे, युक्रेन आणि बेलारूसमधली. पूर्वी गव्हाच्या ताटाला जमिनीपासून शेंड्यापर्यंत नुसती कणसंच असत. मग एका बाईने भाकरीने बाळाचं अंग पुसलं आणि देव कोपला. तो ताटाचे दाणे खालून ओरबाडत वर आणू लागला. तेव्हा कुत्रं आणि मांजर रडू लागले, आमच्यापुरतं तरी राहू दे. देवाने शेंड्याला थोडं ठेवलं. म्हणून आज माणूस जी भाकरी खातो ती त्याच्या वाट्याची नाही, कुत्र्या-मांजराच्या वाट्याची आहे. क्राकुफच्या यादीतलं परकं जनावर या गोष्टीत अन्नदाता आहे, आणि उपरे आपण आहोत.

रोजच्या बोलण्यातही त्याचा वावर आहेच. फार थोडं असलं की रशियन माणूस म्हणतो, 'मांजर रडलं तेवढं.' मन अस्वस्थ असलं की 'जिवावर मांजरं ओरखडतात'. फरसबंदी रस्त्याच्या गोल दगडांना पोलिश आणि चेक दोघेही 'मांजरांची डोकी' म्हणतात. मद्यपानानंतरच्या सकाळच्या डोकेदुखीला चेकमध्ये 'कोत्सोविना', बोक्यापासून झालेला शब्द. मांजर नसलं की सर्बियातले उंदीर 'कोलो' धरतात, म्हणजे हातात हात घालून फेर धरून नाचतात. आणि मांजराच्या 'म्याऊ'चं काय होतं ते कोतोफेय इवानोविचच्या गोष्टीत पाहावं. जंगलात टाकून दिलेलं हे मांजर सैबेरियातून धाडलेला सुभेदार म्हणून मिरवतं. बैलाचं मांस खाताना ते म्याव-म्याव करतं, तर लपून बसलेल्या अस्वलाला आणि लांडग्याला ऐकू येतं 'मालो, मालो', म्हणजे 'कमी आहे, कमी आहे!' एवढा प्रचंड बैल याला पुरत नाही, मग आपलं काय होईल, या भीतीनेच त्यांची दाणादाण उडते.

सुभेदारकीचं हे नाटक नुसतं गोष्टीतलं नव्हतं. 1745 मध्ये सम्राज्ञी एलिझाबेथने हुकूम काढला, की कझानहून सर्वांत चांगले, मोठे, खच्ची केलेले 30 बोके राजवाड्यात पाठवावेत. त्याच काळात बाजारात खपणाऱ्या लाकडी ठशांच्या चित्रांवर 'कझानचा बोका, अस्त्राखानची अक्कल, सैबेरियाची बुद्धी' अशी बिरुदं असलेला बोका छापला जायचा. झारच्या पदव्यांत हीच तीन राज्यं ओळीने यायची, तेव्हा बघणाऱ्याला कळायचं ते कळायचं. राजवाड्याच्या तळघरांत, म्हणजे सेंट पीटर्सबर्गमधल्या आजच्या हर्मिटाज संग्रहालयात, मांजरं अजून राहतात. दुसऱ्या महायुद्धात या शहराचं नाव लेनिनग्राड होतं, आणि तेव्हाच्या 872 दिवसांच्या वेढ्यात इथलं मांजर जवळपास संपलं होतं. भुकेल्या माणसांनी ती खाल्ली, आणि त्यांना दोष द्यायची कुणाची हिंमत नाही. वेढा फुटल्यावर यारोस्लाव्हलहून रेल्वेने मांजरं आणली, असं शहर आजही सांगतं. मालाया सादोवाया रस्त्यावर 2000 साली येलिसेय नावाच्या बोक्याचा छोटा पुतळा इमारतीच्या कंगोऱ्यावर बसवला आणि समोरच्या बाजूला वासिलिसा नावाची मांजरी. लोक खालून नाणी फेकतात.

शेवटी रशियन कवी पुश्किन, कारण त्याच्याशिवाय या विषयातून सुटका नाही. 'रुस्लान आणि ल्युद्मिला' हे काव्य 1820 मध्ये छापलं, तेव्हा त्यात मांजर नव्हतं. पुढे झारने त्याला मिखाइलोव्हस्कोयेच्या मालमत्तेवर हद्दपार करून ठेवलं. तिथे संध्याकाळी दाई आरिना रोदिओनोव्हना त्याला गोष्टी सांगायची. ती कुळवाडी गुलाम म्हणून जन्मलेली, लिहितावाचता न येणारी बाई. तिच्या एका गोष्टीचं टिपण पुश्किनच्या वहीत आहे: समुद्रकाठी ओकचं झाड, त्यावर सोन्याच्या साखळ्या, त्यांवरून बोका फिरतो, वर जाताना गोष्टी सांगतो, खाली येताना गाणी म्हणतो. पुश्किनने वर-खालीचं उजवं-डावं केलं आणि त्यावर एक प्रस्तावना रचली. तिच्या शेवटी कवी म्हणतो, मीही तिथे होतो, मध प्यायलो, झाडाखाली बसलो, आणि त्या विद्वान बोक्याने मला आपल्या गोष्टी सांगितल्या. त्यातली एक आठवते, ती आता जगाला सांगतो.

आठ वर्षं लोकांच्या हाती असलेल्या काव्याला त्याने हे तोंड मागाहून बसवलं आणि आपलं सगळं श्रेय बोक्याच्या नावे केलं. मी तो बोका म्हणजे आरिना रोदिओनोव्हनाच आहे असं वाचते. ही प्रस्तावना असलेली आवृत्ती 1828 मध्ये निघाली. त्याच वर्षी ती वारली.